गोलकीपरच्या आत्याची चौकशी

या सगळ्यात वैजनाथ सरांना काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. एक कायमची नोकरी. लातूरच्या एका शिक्षण संस्थेत ते अकरा वर्षं खेळशिक्षक होते आणि अकरा वर्षं तात्पुरते होते. नोकरी कायम झाली की बँक घराचं कर्ज देणार होती. सासरे चारचौघांत जावयाची ओळख करून देताना ‘सध्या शाळेवर असतात’ म्हणायचे, त्यातला ‘सध्या’ गळणार होता. आणि ऋतुजाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना भरताना पेन थांबणार नव्हतं. एवढंच. माणसं याहून मोठ्या गोष्टींसाठी याहून कमी घाबरतात.

संस्थेचे अध्यक्ष माधवराव. त्यांना तीन वर्षांपूर्वी वाटलं की आपली एक टीम असावी. क्रिकेटच्या टीमा गावात आधीच तिघांनी काढल्या होत्या, कबड्डीची एका आमदाराच्या मेव्हण्याकडे होती. उरला फुटबॉल. ‘मांजरा इलेव्हन’ निघाली, विभागीय लीगमध्ये घुसली, दोन वर्षं कशीबशी टिकली. टीमचा मॅनेजर, कोच, आणि कपडे धुवायला टाकणारा, तिन्ही वैजनाथ सर. यंदा माधवरावांनी शब्द दिला होता, की टीम लीगमध्ये राहिली तर दिवाळीनंतर रिकाम्या होणाऱ्या जागेवर तुमचाच प्रस्ताव जाईल.

आता टीम राहायची तर टीम असायला हवी. अठरा खेळाडूंपैकी अकरा जणांचे करार संपले आणि अकराही जण सुट्टीला गेल्यासारखे गेले, ते परतले नाहीत. नोंदणीची शेवटची तारीख एकतीस. सोळा तारखेला सरांकडे सात खेळाडू होते आणि त्यात गोलकीपर नव्हता.

तशी बाजारात माणसं होती. दुसऱ्या टीमांकडचे करार संपलेले, मोकळे खेळाडू. मोकळ्या खेळाडूसाठी जुन्या टीमला काही द्यावं लागत नाही, त्याचा नुसता होकार लागतो. सरांनी बावीस जणांना फोन केले. एकाचे आजोबा वारले होते. हेच आजोबा मागच्या मोसमातही वारले होते. एकाची परीक्षा होती, कसली ते त्याला आठवेना. परभणीच्या एका बॅकने, म्हणजे बचावपटूने, मात्र सरळ विचारलं, “सर, गंधारचं काय झालं?” आणि उत्तर यायच्या आत म्हणाला, “बरं, ठेवतो.”

गंधार. हे नाव फोनवर आलं की सरांच्या तळहाताला घाम सुटायचा. मोबाइल घसरू नये म्हणून ते हल्ली तो रुमालात धरून बोलत.

गंधार नांदेडचा. मागच्या वर्षी त्याने चौदा गोल केले, म्हणून टीम टिकली. करार एका वर्षाचा, आणि शेवटच्या ओळीत लिहिलेलं, ‘पुढील वर्षाचा प्रथम हक्क संस्थेकडे राहील.’ गंधारने त्याचा अर्थ लावला, की ते आपल्याला आधी विचारतील. माधवरावांनी अर्थ लावला, की पोरगा आपला. वर्ष संपल्यावर गंधारने सोडपत्र मागितलं. माधवरावांनी सोडलं नाही आणि पगारही दिला नाही, कारण नवा मोसम सुरूच झालेला नव्हता. इथवर हे कुठल्याही टीममध्ये होतं. पण नोंदणीच्या वेळी गंधारची दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, जन्मदाखला, सगळं असली जमा करून घेतलं होतं. ते संस्थेच्या कपाटात होतं. आणि ते गंधारच्या हातून ज्यांनी घेतलं, ‘पडताळणी झाली की दोन दिवसांत देतो’ असं ज्यांनी सांगितलं, ते वैजनाथ सर होते.

त्यात गंधारचं पोलीस भरतीत मैदानी चाचणीतून नाव लागलं होतं. कागदपत्रांची तपासणी एकोणतीस तारखेला. असली कागद नसतील तर नाव कटणार. ही गोष्ट नांदेड, परभणी, हिंगोलीच्या प्रत्येक मैदानावर पोचली होती. मांजरा इलेव्हनचं नाव निघालं की पोरं खिसे चाचपत.

तेविसावा फोन देगलूरला. सिद्धेश्वर, सहा फूट, हात लांब. मागचं वर्ष निजामाबादच्या टीमकडून खेळला, करार संपलेला. फोन त्याच्या आत्याने घेतला. केवळाबाई. घरच्या अकरा पोरापोरींची लग्नं तिने जमवलेली, त्यामुळे पोराचा करारही तिच्याचकडे आला होता.

तिने नाही म्हटलं नाही. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

“पोरगं खेळंल, सर,” ती म्हणाली. “पण आमी न बघता देत न्हाई. नांदेडला तुमचा एक पोरगा हाय म्हणं आधीचा. त्येच्या घरी जाऊन येऊ. तुमी बी या.”

यात वावगं काहीच नव्हतं. सोयरीक करताना कुणीही करतं. ज्या घरात आपली पोरगी द्यायची, त्या घरात आधी कुणी दिली आहे का ते शोधायचं आणि तिच्या आईकडे जाऊन चहा प्यायचा. बाकी गाव खोटं बोलेल, ती आई बोलणार नाही. केवळाबाईने हाच कायदा फुटबॉलला लावला होता, आणि सरांना यातून सुटायची वाट दिसेना.

मग त्यांनी जे केलं ते त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही. त्यांनी आदल्या दिवशी गंधारच्या आईला फोन केला. राजश्रीताई, नांदेडच्या एका शाळेत शिकवतात. सरांनी आवाज मऊ ठेवला. उद्या देगलूरच्या एक बाई येतील, टीमबद्दल दोन शब्द चांगले सांगा, मी गंधारच्या फाइलचं बघून राहिलोय. धमकी म्हणावी असं वाक्यात काही नव्हतं. पण राजश्रीताईंनी ‘किती वाजता येणार’ एवढंच विचारलं, आणि सरांना कळलं की आपल्याला माधवरावांसारखं बोलता येतं.

तरोडा नाक्यापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर, चहा झाला, चिवडा झाला. गंधार घरी नव्हता, त्याला मुद्दामच बाहेर पाठवलेलं दिसत होतं. राजश्रीताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. केवळाबाईने विचारलं, जेवणाचं कसं? त्या म्हणाल्या, चांगलं. दुखलंखुपलं तर बघतात का? बघतात. माणसं? माणसं चांगली आहेत. प्रत्येक उत्तरानंतर त्यांची नजर सरांकडे यायची, पहिलीतलं पोर पाढा म्हणताना बाईंकडे बघतं तशी. सर चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत होते. दहा मिनिटं अशी गेली की त्यांना वाटलं, जमलं.

“आमच्या सिद्धूला धाव्वीला एकसष्ट पडले,” केवळाबाई म्हणाली. “तुमच्या पोराला?”

“एक्क्याऐंशी.” पहिल्यांदाच राजश्रीताईंचा आवाज मोकळा झाला.

“बघू तरी.”

आणि इथे ती चूक झाली. घरी कुणी पोराचे मार्क बघू म्हटलं की आपल्याकडची कुठलीही आई जे करते, तेच राजश्रीताईंनी केलं. उठल्या, कपाट उघडलं, प्लॅस्टिकची फाइल काढली आणि पाहुणीच्या मांडीवर ठेवली. ठेवल्यावर त्यांना आठवलं. पण तोवर केवळाबाईने फाइल उघडली होती.

पहिल्या कप्प्यात गॅसचं कार्ड. दुसऱ्यात विम्याच्या पावत्या. तिसऱ्यात मार्कशीट. केवळाबाईने ती बाहेर काढून अंगठा आणि बोटात धरली, आडतीवर तुरीचा दाणा बघावा तशी चोळली.

“ही झेराक्स हाय,” ती म्हणाली. “असली कुठंय?”

राजश्रीताईंनी सरांकडे बघितलं, आणि लगेच नजर खाली घेतली. त्यांनी तोंडाने तक्रार केली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. केवळाबाईने मार्कशीट जशीच्या तशी कप्प्यात सरकवली, फाइलचं बटण लावलं आणि उरलेला चहा संपवला.

जिना उतरताना सर मागे होते. खाली रस्त्यावर आल्यावर ती थांबली. आता ही ओरडेल, लोक जमतील, कुणी व्हिडिओ काढेल, तो माधवरावांच्या फोनवर जाईल, हे सगळं सरांच्या डोळ्यांसमोरून गेलं. तिने फक्त विचारलं,

“सर, तुमची स्वतःची डिग्री कुठं असती?”

सर ‘घरी’ म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. मग त्यांना कपाट आठवलं. रुजू झाले त्या दिवशी बीपीएडचं, म्हणजे खेळशिक्षकाच्या पदवीचं, सर्टिफिकेट, दहावी, बारावी, सगळं असली जमा केलं होतं. पडताळणी झाली की परत. त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मागावं असं वाटलंही नव्हतं, कारण मागायचं म्हणजे कुठे जायचंय का असा प्रश्न येणार, आणि त्या प्रश्नाचं उत्तर देण्याची हिंमत त्यांच्यात नव्हती.

“संस्थेत,” ते म्हणाले.

“किती वर्सं झाली?”

“अकरा.”

“मंग तुमी आमच्या पोराला न्यायला कसं काय आलाव?” केवळाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. “त्या मास्तरीणबाईच्या पोराचे कागद तिच्या हातात पडू द्या. मी डोळ्यानं बघते. मंग बोलू.”

सरांनी ते ‘मंग बोलू’ घट्ट धरलं. लातूरला येईस्तोवर एसटीत त्यांनी त्याचा होकार करून टाकला होता. लग्नाच्या बोलण्यांत ‘मग बोलू’ म्हणजे काय असतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्याच लग्नाआधी त्यांना ते चार घरांनी ऐकवलं होतं. पण घाबरलेला माणूस शब्द आपल्या सोयीच्या रकान्यात टाकतो.

दुसऱ्या दिवशी ते माधवरावांकडे गेले. बोलायचं त्यांनी पाठ केलं होतं. एका गंधारमुळे बावीस जण गेले, त्याला सोडलं तर गोलकीपर येतो, गोलकीपर आला तर त्याचं बघून आणखी चार येतात. धंद्याचं बोलणं होतं, चूक काढायला जागा नव्हती. माधवराव भिजवलेले बदाम सोलत होते. सोललेला बदाम एका वाटीत, साल दुसऱ्या वाटीत.

“एकाला मोकळं केलं की उद्या सगळे दारात उभे राहतील, सर,” ते म्हणाले. “पोरं येतात-जातात. कागद हातात असला की टीम असते.”

सर म्हणाले, पण कुणी येतच नाही, दादा.

माधवरावांनी आणखी एक बदाम सोलला. “तुमची फाइलपण त्याच कपाटात आहे ना? प्रस्ताव जायचाय तुमचा. नीट आहे का, उंदीर वगैरे, बघून घ्या एकदा.”

बाहेर आल्यावर सरांना पायऱ्या मोजून उतराव्या लागल्या. बारा होत्या. रोजच्याच होत्या.

चार दिवस ते काहीच करू शकले नाहीत. मैदानावर सात पोरं पळायची, शिट्टी तोंडात असायची, ती वाजवायचं राहून जायचं. फोन वाजला की ते तो उलटा ठेवायचे, आणि नाही वाजला की ते तो उघडून बघायचे, बंद तर नाही ना. घरी बायकोने, देविकाने, विचारलं की दिवाळीनंतर नक्की ना? ते म्हणाले, नक्की. सत्तावीस तारखेला राजश्रीताईंचा मेसेज आला. त्यात शिवी नव्हती, विनवणी नव्हती. फक्त ‘एकोणतीस, सकाळी नऊ’ एवढंच होतं. शाळेतल्या बाई फळ्यावर तारीख लिहितात तसं.

दुपारच्या सुट्टीत ते कार्यालयात गेले. शिवमूर्तीअप्पा, उदगीरचे, संस्थेत तीस वर्षं क्लार्क. सरांनी काही विचारायच्या आत अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि भिंतीकडे बघितलं. खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा लटकत होता.

“मी पान खाऊन येतो,” अप्पा म्हणाले. “टेबलावर जावक रजिस्टर हाय. माझ्या कपाटातला कागद सहीबिगर हलत न्हाई. एवढं ध्यानात ठेवा.”

म्हणजे चोरी करायची मुभा होती, पण सही करून. सरांना वाटलं, अप्पांनी आपल्याला मदत केली की अडकवलं? तीस वर्षांत अप्पांनी या दोन्हींत फरक ठेवला नसावा.

कपाटाचं दार कुरकुरलं तेव्हा सरांनी मागे वळून बघितलं. आत पन्नासेक फाइली, टाचणीने नावं लावलेली. शिक्षक, शिपाई, दोन ड्रायव्हर, मेसची बाई. गंधारची हिरवी, वरच होती. तिच्याखाली तीन सोडून एक तपकिरी. त्यावरच्या फोटोत सत्तावीस वर्षांचे वैजनाथ सर जाड मिशी ठेवून कॅमेऱ्याकडे असे बघत होते, जणू कॅमेराच नोकरी देणार आहे.

त्यांनी ती हातात घेतली. दोन्ही काखोटीला मारून बाहेर पडायला किती वेळ लागला असता? पण तपकिरी फाइल निघाली की प्रस्ताव निघाला. दिवाळीनंतरची जागा निघाली. आणि कोण जाणे, हिरवी गेल्याचं माधवरावांच्या लक्षातही येणार नाही. गोलकीपर आला, टीम टिकली, तर विचारतंय कोण. हा सगळा हिशेब त्यांनी कपाटापुढे उभं राहून केला, बाहेर अप्पांच्या चपला वाजायच्या आत. तपकिरी फाइल त्यांनी परत ठेवली. वर दुसरी फाइलही ठेवली, फोटो दिसू नये म्हणून.

मग जावक रजिस्टरमध्ये लिहिलं. गंधारचं नाव, कागद सात, घेणाऱ्याची सही. सही त्यांची नेहमीची होती, फक्त खालची रेघ वाकडी गेली.

अठ्ठावीसला नांदेडच्या बसस्टँडवर तिघं आले होते. राजश्रीताई, गंधार आणि केवळाबाई. गंधारने कागद मोजले. सात. मग एकेक उजेडाकडे धरून बघितला. सरांना ते लागलं.

“सही कुणाची घेतली?” गंधारने विचारलं.

“माझीच.”

तो काहीतरी म्हणणार होता. आईने त्याच्या दंडाला हात लावला, तो थांबला. राजश्रीताईंनी तिथेच बाकावर बसून पिशवीतून ती प्लॅस्टिकची फाइल काढली, झेरॉक्स बाहेर घेतली आणि असली आत घातली. बटण दोनदा लावून बघितलं.

सर केवळाबाईकडे वळले. बॅगेत करार होता, कोरा.

“सिद्धूनं काल इथल्याच टीमला होकार दिला, सर,” ती म्हणाली. “राग धरू नका. माणूस तुमी वाईट न्हाव. पण पोराचे कागद लपून आणावं लागत्यात, तिथं मी पोरगं कसं देऊ? उद्या त्येचे कागद कोण आणून देईल? तुमी तर तवर ऱ्हाणार न्हाव तिथं.”

“तुम्ही म्हणाला होता, मग बोलू,” सर म्हणाले.

“बोलून राहिले की.”

अहमदपूरपर्यंत एसटीत सरांनी काही विचार केला नाही. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांना रजिस्टर आठवलं. त्यानंतर लातूरपर्यंत दुसरं काही आठवलं नाही.

एकोणतीस गेली. तीस गेली. कुणी बोलावलं नाही. अप्पा भेटले की नमस्कार करत. सरांना वाटायचं, आज. मग वाटायचं, उद्या. ऋतुजाने टाकीचं झाकण आपटलं तरी ते दचकायचे. एकतीसला दुपारी तीन वाजता शिपाई आला.

माधवरावांच्या टेबलावर जावक रजिस्टर उघडं होतं. शेजारी बदामाची वाटी, रिकामी. कोपऱ्यात त्यांचा भाचा भुजंग बसला होता. नवा पट्टा, नवे बूट. त्याने नुकतंच बीपीएड केलं होतं. तो कशाला बसला आहे हे सरांना विचारावं लागलं नाही.

माधवराव ओरडले असते तर सरांना सोपं गेलं असतं. त्यासाठी ते तीन दिवस तयार होते.

“सही तुमची आहे,” माधवराव म्हणाले.

“हो, दादा.”

“एक खेळाडू तुम्ही कमी केलात. संध्याकाळी नोंदणी बंद होते. एक भरून द्या.”

सर म्हणाले, कुणी येत नाही.

“तुम्ही आहात ना.”

करार तयार होता. पाचशेच्या स्टॅम्पवर, नाव टाइप केलेलं. वैजनाथ, वय अडतीस, जागा गोलरक्षक. मुदत एक वर्ष. शेवटची ओळ सरांनी वाचली नाही, ती त्यांनीच तीन वर्षांपूर्वी टाइप करून दिली होती. प्रस्तावाचं काय, असं विचारायला त्यांनी मान वर केली, तेव्हा भुजंगने मोबाइलमध्ये बघितलं. माधवराव म्हणाले, जागेचं पुढच्या वर्षी बघू.

फॉर्म भरताना शिवमूर्तीअप्पांनी सवयीने विचारलं, “खेळाडूची असली कागदपत्रं?”

“जमा आहेत,” माधवराव म्हणाले.

सरांनी सही केली. या खेपेला रेघ सरळ आली.

पहिला सामना नांदेडला झाला, आठ जणांनिशी; नियमाला सात पुरतात. पलीकडच्या गोलमध्ये सिद्धेश्वर होता. त्याच्याकडे दिवसभरात दोनदा चेंडू गेला, त्यातला एक त्यांच्याच बॅकने मागे दिलेला. केवळाबाई सावलीच्या बाजूला बसली होती आणि सरांना ओळखून तिने मान हलवली. सरांनी सात गोल खाल्ले. चौथ्यानंतर ते चेंडूकडे बघायचे बंद झाले होते, गॅलरीत माधवराव आलेत का तेवढं बघत होते. आले नव्हते.

आता कुणाचं काय झालं ते बघू. गंधारची पडताळणी झाली, यादीत नाव आहे. राजश्रीताईंची फाइल भरली. केवळाबाईचा पोरगा करार संपेल त्या दिवशी आपले कागद घेऊन घरी जाईल, तसं तिने नांदेडवाल्यांकडून आधीच लिहून घेतलं. भुजंगला जागा मिळाली. अप्पांचं रजिस्टर बिनचूक आहे. माधवरावांचं यात गेलं काय, तर पाचशेचा एक स्टॅम्प पेपर. पण त्याचे पैसेही त्या दुपारी अप्पांनी वैजनाथ सरांच्याच खिशातून घेतले होते. पावती तपकिरी फाइलमध्ये लावली आहे.